घरात चौकडी जमली आहे (स्ट्रिंग क्वार्टेट), पुढे काय?

ओसरी (१४ जून, रात्री १०.४०)

नमस्कार मंडळी. विषय जरा आडवाटेचा आहे. 'संगीत'मध्ये टाकावा की 'पालकत्व'मध्ये, यावर दोन दिवस घालवले. शेवटी इथे टाकतेय.

लेक वीस वर्षांची, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. सातव्या वर्षापासून व्हायोलिन शिकते, पाश्चात्त्य पद्धतीचं. गेल्या गणपतीनंतर तिनं आणि तिच्या तीन मित्रमैत्रिणींनी मिळून क्वार्टेट काढलं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: दोन व्हायोलिनं, एक व्हायोला, एक चेलो. घोळ असा की चौघांत व्हायोलिनवाले तीन निघाले. मग चिठ्ठ्या टाकल्या आणि व्हायोला आमच्या गळ्यात पडला. वाद्य उसनं आणलंय. त्याची लिपीच वेगळी, सुरांची पट्टी दुसरीकडे. 'आई, मला पुन्हा बालवाडीत बसवलंय,' म्हणते.

तालीम आमच्या हॉलमध्ये, मंगळवारी, शुक्रवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी. सोफा बाल्कनीत. चार तासांतला दीड तास वाजवतात, बाकी वेळ भांडतात. परवा चार सुरांच्या एका जागेवरून पाऊण तास चालू होतं. कोण चढलंय, कोण उतरलंय, गज वरून खाली ओढायचा की खालून वर. मी पोहे घेऊन दारात उभी.

आता म्हणतात, पदवी झाली की एक वर्ष नोकरी-बिकरी नाही, फक्त हेच. चेलोवाल्या मुलाच्या वडिलांनी मला फोन करून 'तुम्ही घर दिलंत म्हणून हे झालं' असं ऐकवलं. मला विचारायचंय की याला काही भवितव्य आहे का, की कॉलेजच्या नाटकाच्या ग्रुपसारखं दोन वर्षांत पांगतात? इतकी भांडणं होतात का सगळीकडे? आणि यांना हातात काठी घेऊन समोर उभा राहणारा कुणी नको का?

बंडूची_छत्री (१४ जून, रात्री १०.५५)

चार माणसं, पाच मतं आणि सोफा बाल्कनीत. ताई, हे क्वार्टेट नाही, आमच्या सोसायटीची कमिटी आहे.

फ्लॅटआयर्न_खाली (१५ जून, सकाळी ६.१०)

काठीवाला नको, तीच तर गंमत आहे. पंधरा-वीस जण झाले की सहसा समोर उभा राहणारा लागतो. चौघांत सुरुवात श्वासानं होते. पहिलं व्हायोलिन नाकानं श्वास घेतं, त्या श्वासातच लय असते, आणि चौघं एकदम उतरतात. पुढच्या रांगेत बसलात तर तो श्वास ऐकू येतो.

मी गेली अकरा वर्षं कोलोरॅडोत बोल्डरला आहे. इथल्या विद्यापीठात टाकाच क्वार्टेट मुक्कामी आहे. त्यांची गोष्ट तुमच्या कामाची आहे. १९७५ साली बुडापेस्टच्या फ्रांझ लिस्ट अकादमीत शिकणाऱ्या चार पोरांनी ते काढलं, म्हणजे तुमच्या लेकीच्याच वयाच्या. दोन वर्षांत फ्रान्समधली एव्हियांची क्वार्टेट स्पर्धा जिंकले, ऐंशीच्या दशकात इकडे आले. ज्याच्या आडनावावरून क्वार्टेटचं नाव पडलं तो पहिला व्हायोलिनवादक १९९३ मध्ये सोडून गेला. व्हायोलावादक कर्करोगानं गेला. दुसरा व्हायोलिनवाला २०१८ मध्ये निवृत्त झाला. नाव मात्र तेच आणि वाजवणं आजही पहिल्या प्रतीचं.

म्हणजे पांगतात आणि पांगत नाहीतही.

बंडूची_छत्री (१५ जून, सकाळी ९.०२)

नावाचा माणूस गेला, पाटी राहिली. आमच्या पेठेतल्या मिठाईच्या दुकानासारखं.

खर्ज (१५ जून, दुपारी २.३०)

ताई, त्या पाऊण तासाच्या भांडणाबद्दल. मी आपलं गाणं शिकलोय, क्वार्टेटमध्ये बसलेलो नाही. पण एका मित्राच्या तालमीला तानपुरा घेऊन गेलो होतो आणि त्या दिवशी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जरा गणित आहे, सांभाळून घ्या.

व्हायोलिनच्या तारा खालून वर जी, डी, ए, ई. व्हायोला आणि चेलोच्या सी, जी, डी, ए. शेजारच्या दोन तारांत नेहमी षड्ज-पंचमाचं अंतर. आता चेलोच्या सगळ्यांत खालच्या सी तारेला सा धरा. मग जी पंचम झाला, डी रिषभ, ए धैवत आणि व्हायोलिनची ई म्हणजे गांधार. सगळे पंचम चोख लावत वर गेलात की शेवटी जो गांधार हाती येतो, तो तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येणाऱ्या स्वयंभू गांधारापेक्षा चढा असतो. किती? कंपनसंख्येत ८१/८० पट. याच अंतराला आपल्याकडे प्रमाणश्रुती म्हणतात.

म्हणजे बघा, चौघांनी आपापलं वाद्य अगदी निर्दोष लावलंय, तरी एकत्र आले की गांधार टोचतो. यात कुणाचीच चूक नाही! मग चेलो सी धरून बसला असेल तिथे वरच्यानं ईची खुली तार वाजवायची नाही. ए तारेवर बोट ठेवून तोच सूर जरा उतरा घ्यायचा. पण पुढच्याच मापात (बारमध्ये) खाली ए आला, की तो ई आता पंचम झाला, आणि पंचम उतरलेला चालत नाही. एकाच सुराची दोन घरं. कुणी कुठे वाकायचं हे दर दोन मापांना ठरवावं लागतं. चार सुरांना पाऊण तास मला तरी जास्त वाटत नाही.

ओसरी (१५ जून, दुपारी ४.१५)

खर्ज, तुमचा प्रतिसाद लेकीला वाचून दाखवला. ती म्हणाली, 'अगदी हेच! हेच मी त्याला सांगत होते.' मग त्याला फोन लावला. मग तासभर भांडण.

तळ्यात_मळ्यात (१५ जून, रात्री ९.२०)

माझं मत कडू लागेल. भीमसेनजींच्या पुण्यात, व्हायोलिनवर गायकी वाजवणाऱ्या गजाननबुवा जोशींच्या महाराष्ट्रात राहून पोरांनी व्हिएन्नातल्या दरबाराचं संगीत घोटायचं, त्यासाठी वर्ष वाया घालवायचं, आणि ऐकायला येणार कोण? तर आईबाप आणि क्लासमधली पोरं. आपल्याकडे व्हायोलिनची एवढी मोठी परंपरा असताना हा उसना व्हायोला कशाला? तिकडची पोरं आपलं गाणं शिकायला इकडे येतात आणि आपण हे करतो.

दुधाणी (१५ जून, रात्री ९.४१)

गजाननबुवांचं व्हायोलिन कुठल्या झाडाला लागलं होतं?

तळ्यात_मळ्यात (१५ जून, रात्री ९.५०)

वाद्य बाहेरून आलं, संगीत नाही. बुवांनी ते मांडी घालून वाजवलं, सा-पवर मिळवलं, त्यातून गायकी काढली. फरक कळत नसेल तर बोलणं खुंटलं.

मांडवीकाठ (१६ जून, सकाळी ११.३०)

तळ्यात, तुमचं 'बाहेरचं' हे पुण्यातून बाहेरचं असेल. आमच्या गोंयांत इगर्जीच्या (चर्चच्या) शाळेत मुलाला आधी सोल्फा (दो-रे-मी) शिकवत, मग हातात व्हायोलिन देत. पोर्तुगीज काळापासून. माझा आजोबा मिस्सेला वाजवायचा, पेरणीला शेतात जायचा आणि त्यात त्याला काही विपरीत वाटत नसे.

मग पोट भरायला हीच माणसं मुंबईला गेली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस घ्या. वडील इगर्जीत गाणं बसवणारे. मुलगा मुंबईला गेला, स्टुडिओत वाजवलं, सूरलिपी लिहून दिली, प्यारेलालना आणि राहुलदेव बर्मनना शिकवलं. १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. म्हणजे तुम्ही रेडिओवर जी जुनी गाणी ऐकून डोळे मिटता ना, त्यातल्या गळ्यामागे जे भरून येतं ते याच व्हायोला-चेलोवाल्यांचं. तुम्हाला ते आवडतं, फक्त नाव माहीत नाही.

गायकाच्या मागे वाजवतो तेव्हा आपला, खुर्ची पुढे ओढली की परका?

तळ्यात_मळ्यात (१६ जून, दुपारी १२.१०)

हा मुद्दा मान्य. पण ऐकायला येणार कोण, हा प्रश्न तसाच आहे.

जुना_बाजार (१६ जून, दुपारी १.००)

याच प्रश्नाला धरून. मेहली मेहतांनी मुंबईत १९३५ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला आणि १९४० मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट. तेव्हाही हॉल भरून वाहत असतील असं नाही. त्यांच्या घरी तालमी चालत आणि पोरगा झुबिन ते ऐकत वाढला. पुढे मेहली इंग्लंडला जाऊन मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात वाजवत होते, मग फिलाडेल्फियात कर्टिस क्वार्टेटमध्ये. तेव्हा ते पन्नाशीत होते, हेही लक्षात घ्या.

तर ओसरीताई, सोफा बाल्कनीत ठेवायला मुंबईत फार जुना आधार आहे. चेलोच्या वडिलांना सांगा.

व्हायोला_वाचवा (१६ जून, रात्री ११.५५)

उशिरा आले, पण हा धागा माझ्यासाठीच काढलाय असं वाटलं. मी मुंबईत व्हायोला वाजवते. आमचं क्वार्टेट तीन वर्षं चाललं, मग मोडलं. का मोडलं ते सांगते, कारण लोकांना वाटतं भांडणानं मोडतात.

आम्ही भांडलो ते संगीतावरून, आणि ते भांडण गोड होतं. मोडलो कॅलेंडरवरून. एकीला शाळेत संगीतशिक्षिकेची नोकरी लागली, तिला शनिवार नाही. एक शिष्यवृत्तीवर परदेशी गेला. उरलेल्या दोघांना तिसरा-चौथा मिळेना, कारण चांगला चेलोवाला आपल्याकडे चार ठिकाणी एकदम वाजवत असतो. चौघांच्या चार मंगळवारांत एक समान मंगळवार सापडेना. संपलं. कुणी कुणावर ओरडलं नाही, त्यामुळे तर जास्त वाईट वाटलं.

म्हणून पहिलं काम म्हणजे लिहून काढा. पैसे आले तर पाच वाटे करा, चार चौघांचे आणि पाचवा सामाईक. तारा, स्वरलेखनाची पुस्तकं, चेलोची टॅक्सी सगळं त्यातून. चेलोच्या तारांचा बरा संच घ्यायला गेलात तर वीस हजारांच्या आसपास जातात, व्हायोलिनवाल्याला त्याची कल्पनाच नसते. विमानात चेलोला स्वतःचं तिकीट लागतं. खिडकीशी बसतो, जेवण मागत नाही. हा खर्च चेलोवाल्याच्या बोडक्यावर टाकलात की वर्षाच्या आत तो गिटार वाजवायला लागेल.

दुसरं, लग्नं. नाक मुरडू नका, आमचं पोट त्यावरच चाललं. पण आधी सावली कुठे आहे ते विचारा. आम्हाला एकदा समुद्रकाठी, मे महिन्यात, साडेअकराला उन्हात बसवलं. व्यवस्थापकीण बाई म्हणाल्या, फोटो छान येतील. कागद उडू नयेत म्हणून आम्ही कपड्यांचे चिमटे नेले होते. खुंट्या सैल पडून तारा उतरत होत्या. नवरीची मावशी येऊन विचारते, 'कोळीगीत नाही का येत?' आलं आम्हाला. दोन दिवसांत बसवून घेतलं होतं, अशी मागणी येणार हे माहीत असतं.

आणि लग्नात पाखेलबेलचा कॅनन वाजवायलाच लागतो. त्यात चेलोला फक्त आठ सूर, तेच आठ, अठ्ठावीस वेळा. आमचा चेलोवाला त्यात घरच्या वाणसामानाचा हिशेब करायचा. एकदा एकोणतिसाव्यांदा सुरू केलं होतं त्यानं.

तिसरं, लेकीला सांगा, व्हायोला चिठ्ठीत निघाला म्हणून रडू नको. लगेच लिहिते पुढे, पाणी पिऊन येते.

बंडूची_छत्री (१७ जून, सकाळी ८.२०)

रात्रभर पाणी पीत होत्या काय? आम्ही ताटकळलोय.

व्हायोला_वाचवा (१७ जून, सकाळी ९.१५)

झोप लागली हो.

तर. अॅमेडियस क्वार्टेट म्हणून एक फार मोठं नाव होऊन गेलं. त्यातले तिघं व्हिएन्नात वाढलेली ज्यू पोरं, हिटलरपासून पळून इंग्लंडला आलेली. आणि इंग्रजांनी त्यांना १९४० मध्ये शत्रूराष्ट्राचे नागरिक म्हणून छावणीत डांबलं! तिथे त्यांच्या ओळखी झाल्या. सुटल्यावर तिघं एकाच गुरूकडे, माक्स रोस्टालकडे, गेले. त्यांनी फी घेतली नाही. चौथा लंडनचा चेलोवाला. आता बघा, तिघंही व्हायोलिनवाले! अगदी तुमच्यासारखं. पीटर शिडलॉफनं व्हायोलिन ठेवून व्हायोला घेतला. १० जानेवारी १९४८ ला लंडनच्या विगमोर हॉलमध्ये या नावानं पहिला कार्यक्रम, आणि पुढे जवळजवळ चाळीस वर्षं तेच चौघं. १९८७ मध्ये शिडलॉफ वारले. उरलेल्या तिघांनी दुसरा व्हायोला शोधला नाही, क्वार्टेटच बंद केलं. पहिलं व्हायोलिन गेलं तरी क्वार्टेटं चालतात, वर टाकाचची गोष्ट आहेच. इथे व्हायोला गेला आणि दुकान बंद झालं. हे तिला सांगा.

जुना_बाजार (१७ जून, सकाळी १०.३०)

व्हायोलावाल्यांची यादी मोठी आहे. बीथोवन तरुणपणी बॉनच्या दरबारी वाद्यवृंदात व्हायोला वाजवायचा. ड्वोर्झाक प्रागच्या नाटकघरात. १७८४ मध्ये व्हिएन्नात एका घरगुती मैफलीत हायडन, डिटर्सडॉर्फ, मोत्सार्ट आणि वानहाल हे चार संगीतकार एकत्र वाजवायला बसले, त्यात मोत्सार्टनं व्हायोला घेतला. ऐकणाऱ्यानं नंतर लिहून ठेवलंय की वाजवणं ठीकठाक होतं, कुणीच आपल्या वाद्यावर असामान्य नव्हता!

आणि शूबर्टच्या घरातलं क्वार्टेट मला सगळ्यांत आवडतं. दोन थोरले भाऊ व्हायोलिनवर, फ्रांझ व्हायोलावर, वडील चेलोवर. चुकायचे वडील. पोरगा पहिल्यांदा चुकले की गप्प बसायचा, पुन्हा चुकले की हसत अदबीनं म्हणायचा, 'बाबा, इथे काहीतरी चुकतंय वाटतं.' शाळामास्तर बाप होता, तरी ऐकून घ्यायचा.

हा प्रकार सुरू कसा झाला तेही ऐका. १७५०च्या दशकात एका जमीनदाराच्या गावच्या वाड्यावर तरुण हायडन पाहुणा होता. वाजवू शकणारे हाताशी कोण? तिथले पाळकबुवा, वाड्याचा कारभारी, स्वतः हायडन आणि एक चेलोवाला. जमीनदार म्हणाला, या चौघांसाठी काहीतरी लिही. लिहिलं. मग आयुष्यभर लिहीत राहिला, अडुसष्ट झाली. म्हणजे चिठ्ठ्या टाकण्यापेक्षाही कमी विचार होता त्यात.

दुसरी_खुर्ची (१७ जून, दुपारी ३.४५)

व्हायोलावर एवढं प्रेम उतू चाललंय, दुसऱ्या व्हायोलिनचं कुणी नाव काढेल का? माझा भाचा दुसऱ्या व्हायोलिनला आहे. घरी पाहुणे आले की विचारतात, 'पहिला नंबर कधी येणार?' जणू वर्गात दुसरा आलाय.

काम किती कठीण असतं ते त्याच्या शेजारी बसून बघितलंय. पहिल्याला सूर मिळतो, खाली चेलोला पाया मिळतो. दुसऱ्यानं मधे बसून कधी पहिल्याची सावली व्हायचं, कधी व्हायोलाशी हातमिळवणी करायची, आणि अचानक दोन माप एकट्यानं गायचं आणि परत आत शिरायचं. एमर्सन क्वार्टेटवाल्यांनी तर दोघांनी आलटूनपालटून पहिलं वाजवलं, १९७६ पासून २०२३ मध्ये बंद करेपर्यंत. ओसरीताईंच्या पोरांनी हा तोडगा करून बघावा. निम्मी भांडणं मिटतील.

खर्ज (१७ जून, दुपारी ४.००)

किंवा दुप्पट होतील.

दुधाणी (१७ जून, दुपारी ४.२०)

माझा तोडगा. प्रत्येक रचनेसाठी चिठ्ठी टाका. ज्याची निघेल त्याला त्या रचनेपुरती दोन मतं. चारात दोन-दोन झाले की अडतं, पाचात अडत नाही.

बंडूची_छत्री (१७ जून, दुपारी ४.२५)

अवांतर: एक जुना विनोद. एक रशियन म्हणजे अराजक. दोन म्हणजे बुद्धिबळाचा डाव. तीन म्हणजे क्रांती. चार रशियन म्हणजे बुडापेस्ट स्ट्रिंग क्वार्टेट.

जुना_बाजार (१७ जून, दुपारी ४.५०)

विनोद खरा आहे! १९१७ साली बुडापेस्टच्या ऑपेरातल्या वादकांनी काढलेलं क्वार्टेट. एकेक जण गळत गेला, जागी एकेक रशियन येत गेला, १९३६ पर्यंत चारही रशियन. नाव बुडापेस्टच.

घाटवाट (१७ जून, सायंकाळी ६.१०)

मला सुरांतलं कळत नाही, लाकडातलं कळतं. पावसाळा आलाय म्हणून लिहितो. हवेत ओल वाढली की लाकूड फुगतं, खुंट्या घट्ट बसतात, गजाचे केस लांबून सैल पडतात. तशात एसीच्या हॉलमध्ये नेलं की उलटं होतं, खुंटी सर्रकन सुटते. चेलोच्या कडेचा सांधा उघडलेला मी दोन पावसाळ्यांत दोनदा बघितलाय. फेव्हिकॉल लावू नका! तिथे मुद्दाम कच्चा सरस असतो, सुटावा म्हणूनच. नाही सुटला तर फळी तडकते. वाजवून झालं की गज ढिला करा. आणि बाल्कनीतल्या सोफ्यावर व्हायोला ठेवू नका.

ओसरी (१७ जून, रात्री ८.३०)

घाटवाट, तुम्हाला कसं कळलं?

तळ्यात_मळ्यात (१८ जून, सकाळी ७.४०)

काल रात्री कुतूहल म्हणून ऐकायला बसलो. हायडनचं एक लावलं, अर्ध्यात झोप आली. मग कुणीतरी पाठवलेलं बीथोवनचं ओपस (रचना क्रमांक) १३१. सात भाग, मधे थांबणंच नाही. सुरुवातीला एक व्हायोलिन एकटं, मग दुसरं, मग व्हायोला, मग चेलो. तेवढ्यात मला आमच्या गुरुजींची आलापी आठवली, का ते सांगता येत नाही. आवडलं असं म्हणणार नाही. पुन्हा ऐकणार आहे.

ऐकायला कोण येणार, याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

मांडवीकाठ (१८ जून, सकाळी ८.१५)

एक तुम्ही झालात की.

आशाळभूत (१८ जून, सकाळी १०.००)

आशाताईंचा विषय कुणी काढलाच नाही! अमेरिकेतलं क्रोनोस क्वार्टेट, १९७३ पासूनचं. त्यांनी २००५ मध्ये आशा भोसल्यांना बरोबर घेऊन राहुलदेव बर्मनांच्या गाण्यांची अख्खी तबकडी काढली. झाकीरभाई तबल्यावर. ताई तेव्हा सत्तरीच्या पुढे. पोरांनी त्यातलं एखादं बसवलं तर ऐकायला सोसायटी काय, अख्खी पेठ येईल.

व्हायोला_वाचवा (१८ जून, सकाळी ११.२०)

येईल. पण आधी हायडन. गाणं सगळ्यांना पाठ असतं, त्यामुळे चुका झाकल्या जातात. हायडनमध्ये लपायला जागाच नाही.

आणि वर्षाचं म्हणाल तर, ताई, देऊन टाका वर्ष. बोरोडिन क्वार्टेट १९४५ मध्ये मॉस्कोच्या विद्यार्थ्यांनी काढलं. पहिला चेलोवाला पुढे जगप्रसिद्ध झालेला रोस्त्रोपोविच! काही आठवड्यांत म्हणाला, मला जमणार नाही, आणि गेला. त्याच्या जागी बेर्लिन्स्की आला तो २००७ पर्यंत वाजवत होता. कोण टिकणार आणि कोण नाही, हे आईबापांना काय, त्या चौघांनाही कळत नाही.

फ्लॅटआयर्न_खाली (१८ जून, रात्री १०.३०)

मी असहमत. वर्ष देणं सोपं आहे, पण त्या वर्षात शिकवणार कोण? इकडे क्वार्टेटं विद्यापीठात मुक्काम करतात, थोरली क्वार्टेटं धाकट्यांना आठवडाभर घोटून घेतात. चौघंच चौघांना शिकवत बसले तर चुकाही चौघांच्या होतात. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, २००६ पासून. त्यातल्या जुन्या वादकांपैकी कुणी महिन्यातून एकदा बसेल का बघा. वर्ष त्यानंतर.

ओसरी (१९ जून, सकाळी ७.००)

सगळ्यांचे आभार. चौघांना धागा पाठवला. चिठ्ठीची दोन मतं मंजूर झाली, चारास शून्य, म्हणजे पहिल्यांदाच कशावर तरी एकमत. पाचवा वाटाही मंजूर. आलटूनपालटून पहिलं व्हायोलिन नामंजूर, कुणी नामंजूर केलं ते लिहीत नाही. नंतर कळवते.

ओसरी (२२ सप्टेंबर, रात्री ११.१०)

धागा वर काढतेय, रागावू नका.

काल रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये पोरांनी पहिला कार्यक्रम केला. चाळीस खुर्च्या मांडल्या, एकतीस माणसं आली, त्यातली नऊ कमिटीची, कारण त्यांची मीटिंग त्याच हॉलमध्ये नंतर होती. पावसानं चेलोची एक खुंटी फिरेना, ती शेवटी वडिलांनी फिरवली. हो, तेच वडील. आले होते. शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून.

मुंबईचे एक ज्येष्ठ वादक ऑगस्टमध्ये दोनदा शिकवून गेले. त्यांनी पहिल्या दिवशी अर्धा तास वाजवूच दिलं नाही, फक्त श्वास घ्यायला लावला. लेकीनं खर्ज यांचा गांधार त्यांना सांगितला. ते म्हणाले, बरोबर आहे, आता विसर आणि ऐक.

वाजवलं हायडनच्या ओपस ३३ मधलं दुसरं क्वार्टेट. त्याला 'विनोद' असंच टोपणनाव आहे, आणि का ते मला आधी माहीत नव्हतं. शेवटच्या भागात धून संपल्यासारखी होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोरं पुढे वाजवायला लागली. लोक ओशाळले. परत थांबले. परत टाळ्या, आता जरा कमी. परत सुरू. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा कुणी हललं नाही, फक्त अध्यक्ष उठून आभार मानायला माइककडे निघाले होते, ते मधेच उभे राहिले. मग बराच वेळ शांतता. आणि हळूच पहिली ओळ पुन्हा, आणि बस. ते खरंच संपलं होतं, आणि आता टाळी वाजवायला कुणीच तयार नाही. चौघं गज वर धरून बसलेले, मला लेकीचे खांदे हलताना दिसत होते, हसू दाबून.

वर्षाचं अजून ठरलेलं नाही. चेलोच्या वडिलांनी परीक्षेपर्यंत विषय काढू नका म्हणून सांगितलंय. काढत नाही.

तळ्यात_मळ्यात (२२ सप्टेंबर, रात्री ११.३०)

पुढचा कार्यक्रम कधी? आणि टाळ्या शेवटी वाजल्या कधी?

ओसरी (२२ सप्टेंबर, रात्री ११.३४)

पुढचा दिवाळीनंतर. टाळ्या चहा आला तेव्हा.